विश्लेषण : आचारसंहिता भिंतीवर, लाच सुटकेसमधून! ‘सीमेन्स’ने स्वतःची दुरुस्ती कशी केली?

नोकरीच्या पहिल्या दिवशी ओळखपत्र आणि लॅपटॉपबरोबर आणखी एक गोष्ट हाती पडते, ती म्हणजे कंपनीची आचारसंहिता. बहुतेक जण शेवटच्या पानापर्यंत स्क्रोल करतात, ‘मी वाचले, मला मान्य आहे’ या चौकटीवर टिचकी मारतात आणि कामाला लागतात. पुढे वर्षातून एकदा अर्ध्या तासाचे ऑनलाइन प्रशिक्षण, दहा प्रश्न आणि एक प्रमाणपत्र. पण उद्या समोर खोटे बिल आले आणि साहेब म्हणाले, ‘सही करून टाक, बाकी मी बघतो’, तर ही पीडीएफ कामाला येते का? जगातील सर्वात मोठ्या लाच प्रकरणांपैकी एकात सापडलेल्या ‘सीमेन्स’ या जर्मन कंपनीकडेही नियमावली होती, दोन सह्यांची अट होती आणि अनुपालन विभागही होता. तरीही सगळे घडले. त्यानंतर कंपनीने जे केले, ते मात्र आज जगभर अभ्यासले जाते. कंपनीत नीतिमत्तेचा कार्यक्रम खरोखर चालतो तरी कसा, हे समजून घेण्यासाठी ही गोष्ट उपयोगी आहे.

सीमेन्समध्ये नेमके काय घडत होते?

१८४७ मध्ये बर्लिनमध्ये सुरू झालेली सीमेन्स त्या काळात वीजयंत्रणा, रेल्वे, दूरसंचार, वैद्यकीय उपकरणे अशा अनेक क्षेत्रांत काम करत होती. भारतातही तिची जुनी उपकंपनी आहे आणि ठाण्याजवळ कळव्यात मोठा कारखाना आहे. १५ नोव्हेंबर २००६ रोजी जर्मन पोलिसांनी कंपनीच्या म्युनिकमधील आणि इतर कार्यालयांवर, तसेच काही कर्मचाऱ्यांच्या घरांवर छापे घातले. त्यानंतर दोन वर्षे एकेक धागा उलगडत गेला.

अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाच्या आरोपपत्रानुसार, मार्च २००१ ते सप्टेंबर २००७ या काळात कंपनीने विविध देशांतील सरकारी अधिकाऱ्यांना किमान ४,२८३ वेळा लाच दिली. एकूण रक्कम सुमारे १.४ अब्ज डॉलर. वीज प्रकल्प, मेट्रो, मोबाइल जाळे, वैद्यकीय उपकरणे अशी कंत्राटे मिळवण्यासाठी हा पैसा वाटला गेला.

पद्धत एखाद्या चित्रपटात शोभेल अशी होती. कंपनीत रोख रक्कम देणाऱ्या तीन खिडक्या होत्या. तिथे कर्मचारी रिकामी सुटकेस घेऊन जात आणि ती भरून परत येत. एका वेळी दहा लाख युरोपर्यंतची रक्कम अशी उचलता येई. मंजुरीची सही कागदावर करण्याऐवजी चिकटवायच्या छोट्या पिवळ्या चिठ्ठीवर केली जाई. काम झाले की चिठ्ठी काढून टाकायची, म्हणजे कुणी मंजुरी दिली याचा मागमूसच उरत नसे.

नियम होते, मग ते चालले का नाहीत?

याचे एक कारण इतिहासात आहे. जर्मनीत १९९९ पर्यंत परदेशी अधिकाऱ्याला दिलेली लाच गुन्हा नव्हती, उलट ती व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवून करात वजावट मिळवता येई. कायदा बदलला, सवय बदलली नाही. २००१ मध्ये कंपनीचे शेअर न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदले गेले आणि परदेशी लाचेविरुद्धचा अमेरिकेचा कडक कायदाही तिला लागू झाला. त्यानंतर कंपनीने परिपत्रके काढली आणि आचारसंहिता सुधारली. व्यवहार मात्र जुन्याच वळणाने चालू राहिले.

दुसरे कारण रचनेतच होते. लाखो कर्मचाऱ्यांच्या कंपनीत अनुपालनाचे काम पूर्णवेळ पाहणारे वकील मूठभर होते. त्यांच्यावर दोन परस्परविरोधी जबाबदाऱ्या होत्या. गैरप्रकार रोखायचे त्यांनीच आणि चौकशी आली तर कंपनीचा बचाव करायचाही त्यांनीच. एकाच माणसाला पंच आणि खेळाडू केल्यासारखे हे होते.

तिसरे कारण सर्वात महत्त्वाचे. इशारे वरपर्यंत पोहोचले होते, पण तिथेच थांबले. २००३ मध्ये लेखापरीक्षकांना दूरसंचार विभागाच्या कर्मचाऱ्यांनी ४१ लाख युरोंहून अधिक रोकड नायजेरियात नेल्याचे आढळले. अंतर्गत चौकशी झाली, अहवाल वरिष्ठांच्या टेबलावर गेला. कुणावरही शिस्तभंगाची कारवाई झाली नाही. अशा वेळी खालच्या माणसाला नियमपुस्तिकेतल्या शब्दांपेक्षा वरच्यांच्या मौनातून जास्त कळते.

लाच देणाऱ्यांना आपण चुकतोय असे वाटत नव्हते का?

दूरसंचार विभागातील एका माजी व्यवस्थापकाने काळ्या पैशांचा हिशेब अनेक वर्षे सांभाळला. जर्मन न्यायालयाने त्याला २००८ मध्ये दोषी ठरवले. त्याचे सांगणे असे होते की, हे त्याने स्वतःच्या खिशासाठी नव्हे, तर विभाग जगावा आणि हजारोंच्या नोकऱ्या वाचाव्यात म्हणून केले. आपण करतोय ते बेकायदा आहे याची त्याला कल्पना होती.

नीतिमत्तेचे कार्यक्रम बहुतेकदा इथेच फसतात. ‘चोरी करू नका’ हे सांगण्यासाठी प्रशिक्षण लागत नाही. अडचण येते ती ‘कंपनीसाठीच तर करतोय’, ‘सगळेच करतात’, ‘नाही म्हटले तर ऑर्डर जाईल’ या वाक्यांशी. बहुतेक गैरव्यवहार वाईट माणसांनी नाही, तर दबावाखालच्या साध्या माणसांनी केलेले असतात. म्हणून कार्यक्रम आखताना माणसे चांगली की वाईट यापेक्षा दबाव कुठे आहे हे आधी शोधावे लागते.

दुरुस्तीची सुरुवात कुठून झाली?

वरून. पर्यवेक्षी मंडळाच्या अध्यक्षांनी एप्रिल २००७ मध्ये पद सोडले, मुख्य कार्यकारी अधिकारीही बाहेर पडले. जुलै २००७ मध्ये पीटर लोशर यांची नेमणूक झाली. १६० वर्षांच्या इतिहासात बाहेरून आलेले ते पहिलेच मुख्य कार्यकारी अधिकारी. पुढच्या काळात वरच्या फळीतील बहुसंख्य अधिकारी बदलले गेले. चौकशीचे काम एका अमेरिकी कायदा संस्थेला दिले गेले आणि तिला मोकळीक मिळाली. ३४ देशांत काम, सुमारे १,७५० मुलाखती, कोट्यवधी कागदपत्रांची छाननी असा तिचा पसारा होता.

तरी सुरुवातीला फारसे हाती लागेना. माहिती होती ती मधल्या फळीकडे, आणि ती फळी गप्प होती. बोललो तर नोकरी जाईल, गप्प राहिलो तर कदाचित निभावेल, असा सरळ हिशेब होता.

मग माफी योजना कशासाठी आणली?

हा हिशेब उलटवण्यासाठी. ऑक्टोबर २००७ च्या अखेरीस कंपनीने जाहीर केले की, ठरावीक मुदतीत जे कर्मचारी स्वतःहून पुढे येऊन खरे सांगतील, त्यांना कामावरून काढले जाणार नाही आणि कंपनी त्यांच्याकडून भरपाई मागणार नाही. फौजदारी कारवाईपासून संरक्षण देणे कंपनीच्या हातात नव्हते, तसे तिने सांगितलेही. वरच्या सुमारे ३०० अधिकाऱ्यांना ही सवलत नव्हती. म्हणजे ज्यांनी आदेश पाळले त्यांना बोलण्याची संधी, ज्यांनी दिले त्यांना नाही.

फेब्रुवारी २००८ पर्यंत शंभराहून अधिक जण पुढे आले. चौकशीची गाडी त्यानंतर वेगाने धावली. बोलणाऱ्याचे नुकसान कमी केले की माहिती आपोआप वर येऊ लागते, हा या प्रकरणाचा पहिला धडा.

नंतर व्यवस्थेत काय बदलले?

रोख रकमेच्या खिडक्या बंद झाल्या. जगभर विखुरलेल्या बँक खात्यांवर आणि देयकांवर मध्यवर्ती नियंत्रण आले. लाचेचा पैसा बहुतेक वेळा ‘सल्लागारां’मार्फत जात असे, म्हणून मध्यस्थांच्या प्रत्येक कराराची छाननी सुरू झाली. हा सल्लागार नेमका कोण, त्याचे काम काय, त्याची फी त्या कामाच्या मानाने जास्त आहे का, सरकारी अधिकाऱ्याशी त्याचे नाते आहे का, हे प्रश्न सहीच्या आधी विचारणे बंधनकारक झाले.

अनुपालनाचे काम पाहणाऱ्यांची संख्या दोनेक वर्षांत पाचशेच्या वर गेली. त्यांचा मार्ग थेट वरिष्ठ नेतृत्वापर्यंत नेला गेला, म्हणजे विक्री विभागाचा प्रमुख त्यांना अडवू शकणार नाही. तक्रारीसाठी दूरध्वनी व ऑनलाइन सेवा आली, शिवाय कंपनीबाहेरच्या एका वकिलाकडेही जाता येऊ लागले. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बोनसचा काही भाग अनुपालनाशी जोडला गेला. आणि या सगळ्यावर नजर ठेवण्यासाठी जर्मनीचे माजी अर्थमंत्री थिओ वायगेल यांना स्वतंत्र निरीक्षक नेमण्यात आले.

या यादीत पोस्टर, शपथ किंवा घोषवाक्य कुठेच नाही. पैसा कुठून जातो, सही कोण करतो, वाईट बातमी कुणाकडे पोहोचते आणि बोनस कशावर ठरतो, या चार जागा बदलल्या.

याचा कंपनीला फायदा झाला का?

डिसेंबर २००८ मध्ये सीमेन्सने अमेरिकेत गुन्हा कबूल केला. अमेरिका आणि जर्मनी मिळून सुमारे १.६ अब्ज डॉलर भरावे लागले. रक्कम प्रचंड असली, तरी अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनुसार एकट्या न्याय विभागाचा दंड १.३५ ते २.७ अब्ज डॉलरच्या घरात जाऊ शकला असता. प्रत्यक्षात तो ४५ कोटी डॉलरवर आला. कंपनीने केलेले सहकार्य आणि नव्याने उभारलेली यंत्रणा हे त्यामागचे मोठे कारण होते. अमेरिकी सरकारी कंत्राटांची दारेही बंद झाली नाहीत. २००९ मध्ये जागतिक बँकेशी झालेल्या समझोत्यात मात्र कंपनीने दोन वर्षे बँकेच्या निविदांपासून दूर राहण्याचे आणि भ्रष्टाचारविरोधी कामासाठी १५ वर्षांत १० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.

पुढची घटना जास्त बोलकी आहे. ब्राझीलमधील मेट्रो व रेल्वे कंत्राटांत कंपन्यांनी संगनमत करून निविदा भरल्याचे प्रकरण २०१३ मध्ये उघड झाले. त्या संगनमतात सीमेन्सही होती आणि तिनेच तेथील स्पर्धा नियामकाकडे जाऊन माहिती दिली होती. म्हणजे नवी यंत्रणा आली म्हणून कंपनीचा भूतकाळ स्वच्छ झाला नाही. पण चूक सापडल्यावर ती दाबण्याऐवजी सांगण्याकडे कल वळला होता.

त्याच वर्षी म्युनिकच्या न्यायालयाने सीमेन्सच्या एका माजी वित्तप्रमुखाला दीड कोटी युरो कंपनीला भरून देण्याचा आदेश दिला. परिणामकारक अनुपालन यंत्रणा उभी करणे आणि ती चालते की नाही हे पाहणे ही संचालकांची वैयक्तिक जबाबदारी आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पुढे तडजोडीत ही रक्कम बरीच कमी झाली, पण संदेश जगभरच्या संचालक मंडळांपर्यंत पोहोचला.

इतर कंपन्यांचा अनुभव काय सांगतो?

अमेरिकेतील ‘एन्रॉन’ हे नाव महाराष्ट्राला दाभोळ वीज प्रकल्पामुळे चांगलेच परिचयाचे. २००१ च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेलेल्या या कंपनीची आचारसंहिता ६४ पानांची होती. वित्तप्रमुखाने कंपनीशीच व्यवहार करणाऱ्या भागीदारी संस्था स्वतः चालवायच्या म्हटल्यावर संचालक मंडळाने आचारसंहितेतून त्याला सूट दिली. कंपनीचा खरा हिशेब लपवायला याच संस्था कामी आल्या. नियम मोठ्या माणसासाठी वाकतो, हे एकदा दिसले की उरलेल्या ६३ पानांना अर्थ राहत नाही.

‘वेल्स फार्गो’ या अमेरिकी बँकेत गडबड वेगळ्या जागी होती. प्रत्येक ग्राहकाला बँकेची आठ उत्पादने विकायची, असे उद्दिष्ट होते. ते गाठण्यासाठी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती आणि कार्डे उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. तोवर बँकेने सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढले होते. बँकेत नीतिमत्तेची हेल्पलाइन होती. लॉस एंजेलिस परिसरातील एका व्यवस्थापकाने २०१० मध्ये संशयास्पद प्रकार वरिष्ठांना आणि या हेल्पलाइनवर कळवले आणि त्याचीच नोकरी गेली. २०१७ मध्ये अमेरिकी कामगार खात्याने त्याला परत घेण्याचा आणि सुमारे ५४ लाख डॉलर देण्याचा आदेश काढला.

थोडक्यात, आचारसंहिता एक सांगते आणि महिन्याचे टार्गेट दुसरे सांगते, तेव्हा टार्गेट जिंकते. त्यामुळे कंपनीची नीतिमत्ता तपासायची असेल तर आचारसंहितेच्या आधी इन्सेंटिव्हचा तक्ता वाचावा लागतो.

भारतात काय घडले?

‘सत्यम कॉम्प्युटर्स’ला सप्टेंबर २००८ मध्ये उत्तम कंपनी कारभारासाठीचा ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला होता. त्याच वर्षी १६ डिसेंबरला प्रवर्तकांच्या कुटुंबाशी संबंधित ‘मायटास’ कंपन्या विकत घेण्याचा निर्णय झाला आणि गुंतवणूकदार भडकल्यावर काही तासांतच तो मागे घ्यावा लागला. दोन दिवसांनी एका स्वतंत्र संचालकाला हिशेबातील गडबडीबद्दल निनावी ई-मेल आला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली. ताळेबंदातील ५,०४० कोटी रुपयांची रोकड आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हती. कंपनीत कुणाला तरी हे माहीत होते. ते वेळेवर, विश्वासाने सांगता येईल अशी जागा असती तर काय झाले असते, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो.

‘रॅनबॅक्सी’चे प्रकरणही तसेच. औषधांच्या चाचण्यांची माहिती खोटी असल्याचे कंपनीचे अधिकारी दिनेश ठाकूर यांना अंतर्गत तपासणीत आढळले. कंपनीत दाद न मिळाल्याने त्यांनी २००५ मध्ये नोकरी सोडली आणि अमेरिकेच्या औषध नियामकाला कळवले. २०१३ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरले. हीच गोष्ट घरातल्या घरात ऐकली गेली असती तर तिची किंमत कितीतरी कमी पडली असती.

भारतीय कायदा काय सांगतो?

सत्यमनंतर नियम बरेच कडक झाले. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या कंपन्या आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटी रुपयांहून जास्त कर्ज घेतलेल्या कंपन्यांना कर्मचारी व संचालकांसाठी तक्रार नोंदवण्याची दक्षता यंत्रणा ठेवणे बंधनकारक आहे. तक्रारदाराचा छळ होऊ नये याची व्यवस्था हवी आणि गरज पडल्यास त्याला थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडे जाता आले पाहिजे. विनाकारण वारंवार तक्रारी करणाऱ्याला समज देण्याची तरतूदही नियमांत आहे. सेबीच्या नियमांनुसार नोंदणीकृत कंपनीला हे धोरण संकेतस्थळावर ठेवावे लागते.

एक कोटी रुपये किंवा त्याहून मोठी फसवणूक आढळली तर लेखापरीक्षकाला ती केंद्र सरकारला कळवावी लागते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यानुसार लाच दिल्याबद्दल केवळ माणूसच नाही, तर कंपनीही दोषी ठरू शकते. अशा वेळी ‘आम्ही रोखण्यासाठी पुरेशी व्यवस्था केली होती’ हे सिद्ध करणे हा कंपनीचा बचाव असतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती सक्तीची आहे. तिची मुळे १९९७ च्या विशाखा निकालात आणि २०१३ च्या कायद्यात आहेत.

एक मोठी फट मात्र उरते. खासगी कंपनीतील जागल्यांना संरक्षण देणारा स्वतंत्र, व्यापक कायदा देशात नाही. २०१४ चा जागल्या संरक्षण कायदा लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता आहे आणि तोही अमलात आणलेला नाही. त्यामुळे खासगी नोकरदाराची सुरक्षितता बरीचशी कंपनीच्या नियतीवरच अवलंबून राहते.

कार्यक्रम खरोखर चालतोय, हे कसे ओळखायचे?

अमेरिकेचा न्याय विभाग कंपन्यांची पारख करताना तीन प्रश्न विचारतो. कार्यक्रमाची आखणी नीट आहे का? त्याला पुरेसे बळ आणि अधिकार देऊन तो मनापासून राबवला जातो का? आणि प्रत्यक्षात तो काम करतो का? बहुतेक कंपन्या पहिल्या प्रश्नाची फाइल घेऊन येतात आणि तिसऱ्यावर अडखळतात.

‘यंदा एकही तक्रार आली नाही’ हे वाक्य वार्षिक अहवालात अभिमानाने छापले जाते. धुराचा अलार्म वर्षभर वाजला नाही, तर दोन शक्यता असतात. एक तर आग लागली नाही, किंवा बॅटरी संपली आहे. हजारो कर्मचाऱ्यांच्या कंपनीत एकही तक्रार नसेल तर आधी बॅटरी तपासावी. आर्थिक गैरव्यवहारांच्या तपासनिसांच्या ‘एसीएफई’ या जागतिक संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, अभ्यासलेल्या प्रकरणांपैकी ४३ टक्के प्रकरणे कुणीतरी दिलेल्या माहितीमुळे उघड झाली आणि ही माहिती देणाऱ्यांत निम्म्याहून अधिक कर्मचारीच होते. अंतर्गत लेखापरीक्षणामुळे सापडलेली प्रकरणे यापेक्षा खूपच कमी आहेत.

म्हणून मोजायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. तक्रार आल्यापासून निर्णय व्हायला किती दिवस लागले? तक्रारदाराला काय झाले ते कळवले का? कारवाई फक्त कनिष्ठांवर झाली की वरिष्ठांवरही? आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, ज्याने नाव देऊन तक्रार केली तो वर्षभरानंतर कुठे आहे? त्याची पगारवाढ झाली, की बदली?

लहान-मध्यम कंपन्यांना हे परवडते का?

चाकण किंवा वाळूजमधील साठ-सत्तर माणसांच्या कारखान्याने पाचशे अनुपालन अधिकारी नेमावेत, असे कुणी म्हणणार नाही. त्यांना ती गरजही नाही. पण मोठ्या वाहन कंपन्या आता पुरवठादारांकडून लेखी हमी मागतात, त्यामुळे विषय टाळता येत नाही.

सुरुवात धोक्याच्या जागा ओळखण्यापासून होते. बहुतेक कारखान्यांत त्या ठरलेल्या असतात. खरेदी, भंगार विक्री आणि वजनकाटा, कंत्राटी कामगारांची हजेरी, वाहतुकीची बिले आणि सरकारी तपासणीस येतो तो दिवस. या पाच जागी दोन माणसांची मंजुरी आणि ठरावीक काळाने खांदेपालट एवढे केले तरी निम्मे काम होते. दिवाळीच्या भेटींसाठी एक साधी वही ठेवावी. कुणाकडून काय आले आणि काय परत केले, याची नोंद त्यात मालकासकट सर्वांनी करावी.

आचारसंहिता दोन पानांची, मराठीत आणि हिंदीत असावी. तीत उपदेश कमी आणि उदाहरणे जास्त हवीत. ‘भंगारवाल्याने पाकीट दिले तर’, ‘तपासणीसाने गाडीभाडे मागितले तर’ काय करायचे, ते नेमके लिहावे. आणि तक्रार ऐकणारी व्यक्ती मालकाच्या घरातली किंवा त्याच विभागाची प्रमुख नसावी. कंपनीचे सीए किंवा बाहेरचे एखादे वकील हे काम करू शकतात.

शंका आली तर कर्मचाऱ्याने काय करावे?

आधी कंपनीचे तक्रार धोरण वाचावे. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर ते संकेतस्थळावर सापडते आणि तक्रार कुणाकडे करायची हेही त्यात असते. तक्रार लिहिताना निष्कर्षाऐवजी तथ्ये लिहावीत. ‘अमुक साहेब भ्रष्ट आहेत’ यापेक्षा ‘अमुक तारखेला, अमुक क्रमांकाच्या बिलावर माल न येता मंजुरी झाली’ हे वाक्य तपासता येते. तारखा लगेच टिपून ठेवाव्यात आणि तक्रारीची पोच घ्यावी. ज्या फायली पाहण्याचा अधिकार नाही, त्या उघडू किंवा घरी नेऊ नयेत. असे केल्यास उलट आपल्यावरच कारवाई ओढवू शकते. लैंगिक छळाची तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत अंतर्गत समितीकडे करावी लागते, ही मुदत लक्षात ठेवावी.

आणि तोंडी आदेश आला तर तो लेखी मागावा. ‘सर, एक मेल टाका, लगेच करतो’ एवढे नम्रपणे म्हटले तरी अनेक चुकीचे आदेश तिथेच विरतात. पिवळ्या चिठ्ठीवर सही करणाऱ्यांना सीमेन्समध्ये हेच टाळायचे होते.

शेवटी, कंपन्यांसाठी कसोटी सोपी आहे. पुढच्या वेळी कुणी कर्मचारी उठून ‘हे बरोबर नाही’ म्हणेल, तेव्हा त्याच्या शेजारी बसणारे बाकीचे सगळे एकच गोष्ट पाहत असतील. हा माणूस सहा महिन्यांनी याच खुर्चीवर असेल का? त्याचे जे उत्तर त्यांना दिसेल, तीच त्या कंपनीची खरी आचारसंहिता.